ओढा शासनाचा, वाट कोणाची?

मंडूकपर्णी, जलब्राह्मी आणि माका ही ओलाव्यात वाढणारी द्रव्ये. अर्जुन तर ओढ्याच्या काठावरच उभा राहतो. ब्राह्मीघृतासाठी ताजा स्वरस हवा, आणि त्यासाठी सकाळी ओढ्यात उतरणारी माणसे हवीत. या माणसांच्या वाटेवर आता तारेची कुंपणे उभी राहत आहेत. हा प्रश्न महसूल खात्याचा म्हणून आपण सोडून देणार का?

माझ्याकडे अनेक वर्षे ओली ब्राह्मी आणणाऱ्या आजीबाई एके दिवशी रिकाम्या हाताने आल्या. ओढ्याकडे जाणारी पायवाट ज्या शेतातून होती, ते विकले गेले होते आणि नव्या मालकांनी कुंपण घातले होते. मी मनात राग घेऊनच त्यांना भेटलो. त्यांनी मला काठावरचे दोन अर्जुनवृक्ष दाखविले. खोडाभोवती गोलाकार साल सोलल्यामुळे दोन्ही वाळले होते. "वैद्यराज, ही साल शेवटी तुमच्याच लोकांकडे जाते ना?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कायद्याची स्थिती पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार, खाजगी मालकीचे सिद्ध न झालेले नदी, ओढे व नाले यांचे तळ आणि वाहते पाणी शासनाचे आहे. १९९६ साली बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शासन अशा नैसर्गिक संपत्तीचे विश्वस्त असल्याचे स्पष्ट केले. परंतु ओढा सर्वांचा असला, तरी तिथवर जाणारे शेत मालकाचेच असते. बांधावरून रस्ता देण्याची कलम १४३ मधील तरतूद शेतात जाण्यासाठी आहे. भूमिहीन संग्राहकाला तिचा आधार नाही. वनहक्क कायदा, २००६ वनजमिनीपुरता आहे. सुविधाधिकार कायदा, १८८२ रूढीची वहिवाट मानतो खरा, पण ती दिवाणी न्यायालयात सिद्ध करणे आजीबाईंच्या आवाक्यातले नव्हे.

म्हणून माझे मत असे की, मालकाचा हक्क अबाधित ठेवून पायी जाण्यापुरती पूर्वापार वाट खुली राहावी. आणि त्या वाटेने जाणाऱ्याने संयमाची बंधने पाळावीत. केवळ प्रवेशाचा आग्रह धरल्यास ओढे ओरबाडले जातील. केवळ कुंपणाचा आग्रह धरल्यास वनस्पती जाणणारी माणसेच नाहीशी होतील. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात औषधींचे नाव व रूप जाणणाऱ्यांत गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांचा निर्देश आहे, तो विनाकारण नव्हे.

उपाय गावातच आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ओढ्याकाठची द्रव्ये, संग्रहाचा काळ आणि जाण्याची वाट यांची नोंद मालकाच्या संमतीने तिथे व्हावी. नोंदीने मालकी बदलत नाही. पण वाद उद्भवल्यास गावापुढे लेखी आधार राहतो. या कामी आपण वैद्यांनी पुढाकार घ्यावा.

औषधालयचालकांना मात्र वेगळी विनंती आहे. माल घेताना तो कोणत्या ओढ्याचा आणि कसा काढलेला, हे विचारा. खोडाच्या एका बाजूची उभी पट्टी काढली, तर झाड जगते. गोल सोललेली साल स्वस्त मिळाली तरी नाकारा. जलब्राह्मी पाण्यातील जड धातू शोषून घेते, तेव्हा सांडपाण्याच्या ओढ्यातील माल रुग्णाला अपायकारक ठरू शकतो. म्हणजे ओढ्याची चौकशी हा औषधशुद्धीचाच भाग आहे.

त्या मालकांनी पुढे कुंपणात माणूस जाईल एवढी फट ठेविली. अट एकच होती: कोण येते व काय नेते, हे मी त्यांना सांगावे. मला ती अट न्याय्य वाटली. वस्तुतः ती त्यांनी घालण्यापूर्वी मीच स्वतःला घालून घ्यावयास हवी होती.