चार नंबरचा काळा चौकोन

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत लेख लिहायचा म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाची भीती वाटते, तेव्हा चुका झाल्या तर वाचकांनी पोटात घालाव्यात. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या आपल्या वॉचमन काकांना इंग्रजी वाचता येत नाही.

मित्रांनो, तुम्हाला आठवत असेल. जुलैमध्ये मागच्या गेटच्या स्टँडवरून एका रात्रीत दोन गिअरच्या सायकली गेल्या. सकाळी आम्ही सगळे ऑफिसात जमलो. स्क्रीनवर आठ कॅमेऱ्यांचे आठ चौकोन, सगळे एकदम क्लिअर. चार नंबरचा, म्हणजे नेमका मागच्या गेटचा सुद्धा! पण रात्रीचं रेकॉर्डिंग लावलं तर संध्याकाळी सातनंतर चौकोन काळा आणि त्यावर 'व्हिडिओ लॉस'. मध्येच एखादा सेकंद चित्र यायचं, परत काळं.

मग काय, दहा मिनिटांत निकाल लागला. दिवसा चालणारा कॅमेरा रात्रीच कसा बंद पडतो? कोणीतरी बंद करत असणार. रात्री गेटवर कोण असतं? काका. आठवड्याभरात एजन्सीने त्यांना इथून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मला आणि माझ्या रूम पार्टनरला हे पटेना. रेक्टर सरांची परवानगी काढली, मल्टिमीटर घेतला आणि रात्री आठला कामाला लागलो. आधी डी.व्ही.आर.च्या मागे चार नंबरची केबल काढून पाच नंबरच्या पोर्टात लावली. काळा चौकोन पाचवर गेला. म्हणजे डी.व्ही.आर. ठीक, दोष बाहेर आहे. मग दोन्ही टोकांचे बी.एन.सी. कनेक्टर उघडून बघितले. आतली तार तुटलेली नाही, बाहेरची जाळी तिला चिकटलेली नाही. मग दुसरा चांगला कॅमेरा तिथे लावला. तोही बंद! म्हणजे कॅमेराही निर्दोष.

उरला सप्लाय. कॅमेऱ्याला १२ व्होल्ट लागतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजले तर ११ च्या आसपास, चालून जातं. रात्री मोजले तर दिवे लागताक्षणी ८! अंधार झाला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेडचे दिवे लागतात आणि तो दुप्पट-तिप्पट करंट ओढतो. पाइपाच्या मागे सप्लायच्या वायरला जोड होता, नुसती टेप गुंडाळलेला. पावसाने तो गंजला, रेझिस्टन्स वाढला. करंट वाढला की त्या जोडातच जास्त व्होल्टेज पडायचं आणि कॅमेरा बंद व्हायचा. बंद झाला की करंट थांबायचा, व्होल्टेज परत चढायचं, कॅमेरा चालू, दिवे चालू, परत बंद. रात्रभर हाच खेळ. शाळेत घोकलेला ओहमचा नियम, बाकी काही नाही!

विश्वास बसत नसेल तर पुरावा रेकॉर्डिंगमध्येच होता. काही काही सेकंदांनी चालू-बंद, अनेक रात्री, काकांच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कोणी माणूस रात्रभर बसून स्विच दाबत राहील का? पण आम्ही फक्त चोरीच्या रात्रीचं रेकॉर्डिंग बघितलं होतं. नवीन जोड आणि वॉटरप्रूफ डबी, खर्च कँटीनमधल्या दोन थाळ्यांपेक्षा कमी.

आता खरी गोष्ट सांगतो. गेटवर उशिरा येणाऱ्यांनी सही करायची वही असते. ती मागून घेतली. काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'कॅ. नं. ४ रात्री बंद.' एकदा नाही, अकरा वेळा. त्याच पानांवर खाली आपल्या सह्या आहेत. त्यात माझ्या तीन. म्हणजे ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. मी वाचलीही होती, आणि खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं होतं. मागच्या गेटचा कॅमेरा बंद म्हणजे उशिरा येणाऱ्यांची चैन!

ही गोष्ट फक्त आपल्या हॉस्टेलची नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईभर कॅमेरे हवेत असं ठरलं, प्रत्यक्ष लोकार्पण व्हायला २ ऑक्टोबर २०१६ उजाडला. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणात, ऑगस्ट २०२४ मध्ये, शाळेतलं १५ दिवसांचं चित्रण नाही असं खुद्द तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चालू कॅमेरे नाहीत म्हणून त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कॅमेरा विकत घेतला जातो, उद्घाटन होतं, पण रोज बघणारा माणूस नेमलेला नसतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं!

काही जण म्हणतील, मेंटेनन्सचं कंत्राट आहे ना. आहे. त्यांचा माणूस येतो दुपारी बाराला, आठ चौकोन बघतो, सही करतो. त्याचंही चुकलं नाही, दुपारी सगळं दिसतंच. पण त्याने कॅमेऱ्याचा लाइट सेन्सर हाताने झाकला असता, तर कॅमेऱ्याला रात्र वाटून दिवे लागले असते आणि दोष भर दुपारी सापडला असता. आम्ही नंतर करून बघितलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. एक, आठवड्यातून एकदा रात्री नऊनंतर कॅमेरे तपासावेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी पाळी लावून घ्यावी, प्रॅक्टिकलपेक्षा जास्त शिकायला मिळेल. दोन, कालचं रेकॉर्डिंग उघडून बघावं, नुसतं लाइव्ह चित्र नाही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, गेटवरची वही ऑफिसने रोज वाचावी आणि खाली सही करावी. वॉचमन लिहितो ते वाचायचंच नसेल तर त्याला वही देता कशाला?

रेक्टर सरांनी आमचा रिपोर्ट जोडून एजन्सीला पत्र पाठवलंय. काका सध्या घाटकोपरच्या एका सोसायटीत ड्युटीला आहेत, पगार इथल्यापेक्षा कमी. मागच्या रविवारी आम्ही दोघं जाऊन भेटलो, सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "अरे बाळांनो, मी लिहिलं होतं." बस, एवढंच.

हा अंक त्यांना नेऊन देणार आहे. तोपर्यंत वहीत सही करताना वरची ओळ वाचा, आणि काही बंद असेल तर ऑफिसात जाऊन सांगा.