चेहऱ्याला सावली हवी



आज सुरुवात शेतातून करतो, पण विषय शेतीचा नाही. उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या बांधीच्या धुऱ्यावर सकाळी सहा-साडेसहाला उभे राहून पाहा. ऊन आडवे येते. एकेक तास, एकेक ढेकूळ, बैलाच्या खुराचा एकेक ठसा वेगळा दिसतो. त्याच दिवशी बाराच्या सुमारास पुन्हा जा. सगळे सपाट आणि पांढरे झालेले असते. ठसे कुठे गेलेले नसतात. गेलेली असते ती त्यांची सावली.

माणसाच्या चेहऱ्याचेही अगदी असेच आहे. नाक, गालाची हाडे, कपाळाच्या आठ्या, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या ही चेहऱ्याची बांधी आणि धुरेच समजा. बाजूने उजेड पडला तर ती दिसतात, समोरून थेट पडला तर बुजतात. आज घरोघरी फोन आहे आणि प्रत्येक फोनात कॅमेरा आहे. तरीही घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एक धड फोटो म्हटला, की बहुतेक घरांत शोधाशोध होते. म्हणून हा विषय घेतला.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. बाबा गेले तेव्हा तेरवीसाठी त्यांचा फोटो मोठा करून आणायचा होता. पेट्या धुंडाळल्या, पत्र्याचे डबे उघडले. हाती लागला तो एका ओळखपत्रासाठी काढलेला, अंगठ्याएवढा फोटो. फ्लॅश थेट तोंडावर मारलेला, डोळे मिचकावलेले, चेहरा भाकरीसारखा सपाट. तो घेऊन एका दुकानात गेलो. दुकानदाराने चांगले करून देतो म्हटले आणि दिलेही. बाबांच्या मानेखाली निळा कोट आणि टाय चिकटवला होता. ज्या माणसाने जन्मभर बंडी आणि धोतर सोडून दुसरे काही घातले नाही, तो आता भिंतीवर साहेब होऊन बसला आहे. येणारे पाहुणे हात जोडतात, पण त्या फोटोत आम्हाला बाबा सापडत नाहीत. दुकानदाराला दोष देत नाही. चूक आमची. बाबा रोज संध्याकाळी सपरीत बसत, उजेड त्यांच्या गालावर पडलेला असे, आणि आम्हाला कधी सुचले नाही.

आता उपाय काय, तो ऐका. त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट वेळेची. आपले सौंदड कर्कवृत्ताच्या थोडे खाली, सुमारे २१ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. तसाच तो जुलैच्या मध्यालाही येतो, पण तेव्हा ढग असतात. अशा डोक्यावरच्या उन्हात फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे आणि नाकाखाली काळा डाग येतो. टोपी किंवा डोक्यावरचा पदर असला तर अर्धा चेहराच जातो. डिसेंबरात मात्र सूर्य दुपारीही दक्षिणेकडे निम्म्यावर कललेला असतो. म्हणून थंडीचे दिवस या कामाला बरे. तरी सर्वांत चांगली वेळ सकाळची नऊपर्यंतची आणि दुपारी चारनंतरची.

दुसरी गोष्ट जागेची. उन्हात बसवूच नका. घराच्या दारात बसवा, पण ज्या दारात त्या वेळी ऊन येत नाही अशा दारात. पूर्वेचे दार असेल तर दुपारनंतर, पश्चिमेचे असेल तर सकाळी. उत्तरेचे दार असेल तर वर्षातले बरेच महिने दिवसभर चालते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विजेचे दिवे सर्रास नव्हते, तेव्हा फोटोच्या स्टुडिओला उत्तरेकडून काचेचे छप्पर नाही तर मोठी खिडकी ठेवीत आणि कापडाचे पडदे ओढून उजेड कमीजास्त करीत. तेच काम आपल्या घरचे दार करते. आकाशाचा मऊ उजेड एका बाजूने आत येतो आणि दुसऱ्या बाजूला घरातला अंधार असतो.

माणसाला उंबऱ्यापासून दोन-तीन हात आत बसवा. दार त्याच्या उजव्या किंवा डाव्या हाताला यावे. दाराजवळ सावली मऊ पडते. फार आत गेले की उजेड कमी होतो आणि सावलीची कड टोकदार होते. मग त्याला चेहरा हळूहळू दाराकडे वळवायला सांगा आणि दारापासून लांबच्या गालाकडे लक्ष ठेवा. तो गाल सावलीत असताना डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा तिकोन उमटतो. तो दिसला की सांगा, थांबा! सतराव्या शतकात हॉलंडमध्ये रेम्ब्रांट नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला. तो चेहरे असेच रंगवी, म्हणून फोटोवाले आजही या उजेडाला त्याचेच नाव देतात.

एवढ्यात डोळे पाहा. बुबुळात दाराचा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तो नसला तर डोळे विझलेले वाटतात.

आपल्या मराठी माणसाचे उदाहरण हवे असेल तर मूळ सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे घ्या. त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात एक चित्र काढले. स्वतःच्या मुलीला हातात दिवा देऊन समोर उभे केले. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या कडांतून लालसर उजेड आणि बाकी सगळीकडे अंधार. हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि लोक मुद्दाम ते पाहायला जातात. त्यात दिवा एकच आहे. बाकीचे काम अंधाराने केले आहे.

आता काळ्या-पांढऱ्याचे. रंगीत फोटो सोडून काळा-पांढरा कशाला, असे कोणी विचारील. रंगीत फोटोत नजर आधी लाल खुर्चीवर जाते, मग निळ्या भिंतीवर, मग दोरीवरच्या कपड्यांवर. चेहऱ्याकडे शेवटी जाते. रंग काढला की उरतो तो उजेड आणि सावली, आणि ती चेहऱ्यावर असतात. फोटो रंगीतच काढा आणि नंतर फोनातच काळा-पांढरा करा. म्हणजे दोन्ही हाती राहतात.

जुन्या फोटोत आजीचे कुंकू काळेभोर का दिसते, हे कधी मनात आले आहे? त्या वेळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. जे लाल ते तिच्या दृष्टीने अंधार. कुंकू काळे, ओठ काळे, आणि सावळा माणूस आहे त्याहून काळा. पुढे सगळे रंग ओळखणारी फिल्म आली आणि कुंकू करडे दिसू लागले. फोनात काळा-पांढरा करताना कुठे लाल, हिरवा, निळा असा पर्याय असेल तर हे ध्यानात ठेवा. लाल घेतला तर कातडी उजळ दिसते आणि सुरकुत्या मऊ होतात. निळा घेतला तर एकेक सुरकुती उठून येते. गरज असेल ते घ्या, पण सुरकुत्या पुसून टाकू नका. त्या माणसाने उन्हातान्हात मिळवलेल्या आहेत.

मागल्या थंडीत मी आईचा फोटो काढायचे ठरवले. ती म्हणाली, "फोटो काढला का आयुष्य कमी होते म्हणतात बापा." ही समजूत आजची नाही. दादासाहेब फाळके, ज्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, ते त्याआधी फोटोग्राफर होते. बडोद्यात त्यांनी फोटोचा धंदा मांडला, तर कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक येईना. आईला मी हे सांगितले, आणि वर म्हटले की तसे असते तर सिनेमातली माणसे एवढी म्हातारी झालीच नसती. ती हसली. "मंग काढ. पण लुगडं तं बदलू दे."

बदलू दिले नाही. दुपारचे चार वाजले होते, दार पूर्वेचे. तिला म्हटले, तू तुझे काम कर. ती सपरीच्या आतल्या दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. मी दोन फोटो काढले आणि मला नवल वाटले. सावलीतला गाल अगदी काळा पडायला हवा होता, पण त्याच्यावरही मंद उजेड होता. हनुवटीखालीही होता. कुठून आला? सुपातल्या तांदळातून! दारातला उजेड पांढऱ्या तांदळावर पडून उलटा तिच्या तोंडावर गेला होता. फोटोवाले यासाठी पांढरे फलक बाळगतात. आपल्या धानाच्या मुलखात ते काम सूपभर तांदूळ करतो. तांदूळ नसेल तर मांडीवर पांढरे धोतर किंवा चादर पसरा, किंवा चुन्याने पोतलेल्या भिंतीजवळ बसवा.

काही बारीक गोष्टी सांगून ठेवतो.

फोनची काच आधी स्वच्छ फडक्याने पुसा. तिच्यावर तेलकट बोट लागलेले असते आणि त्याने सगळा फोटो धुरकट होतो.

फ्लॅश बंद ठेवा.

फोन अगदी तोंडाजवळ नेऊ नका. नाक मोठे दिसते आणि कान लहान होतात. चार-पाच हात मागे सरका आणि थोडे जवळ ओढून घ्या. फोन त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला धरा. ते खाली बसले असतील तर तुम्हीही खाली बसा.

दाराकडे तोंड करून फोटो काढू नका. मागचा उजेड जिंकतो आणि माणूस काळा होतो. फोनवर त्यांच्या चेहऱ्यावर बोट ठेवा आणि उजेड किंचित कमी करा. नाही तर धोतर, टोपी, पांढरे केस यांचा नुसता पांढरा गोळा होतो आणि तो पुन्हा सुधारत नाही.

मागे अंधार राहू द्या. हंडे, पोती, सायकल बाजूला सारा.

हसा म्हणू नका. बिडी वळत असतील, लसूण सोलत असतील, नातवाशी बोलत असतील, तर ते चालू द्या. हातही फोटोत येऊ द्या. आपल्या माणसांचे अर्धे आयुष्य हातांवर लिहिलेले असते.

आणि फोटो कागदावर काढून घ्या. फोन पाण्यात पडतो, बिघडतो, मुले खेळताना पुसून टाकतात. दोन प्रती करा. एक घरी, एक लेकीकडे. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. भिंतीवर लावाल तर ऊन येणार नाही आणि पावसाळ्यात ओल येणार नाही अशी भिंत निवडा.

आईचा तो फोटो मी काळा-पांढरा करून आणला आणि तिच्या हातात दिला. ती चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले, लुगड्यावरून बोलणार. ती म्हणाली, "ही तं माही माय दिसते."

माझ्या आजीचा एकही फोटो कुणी काढला नव्हता. मी तिला पाहिलेले नाही. इतक्या वर्षांनी आईला तिची माय दिसली, ती स्वतःच्याच गालावरच्या सावलीत. बाबांच्या कोटाच्या शेजारी आता तो फोटो आहे. त्याला हार नाही, आणि तो आम्ही हारासाठी काढलेलाही नाही. आई जाता-येता पाहते आणि रोज काहीतरी खोड काढते.

तर वाचकहो, तुमच्या घरी कोण आहे ते आठवा. चार वाजता दाराशी कोण बसते, तेही आठवा. या आठवड्यात त्यांचा एक फोटो काढाच. लुगडे बदलायची वाट पाहू नका.

बरे तर, पुढच्या आठवड्यात भेटू.