शमीचे झाड आणि कंपनीचे वाहनतळ

विराटाच्या घरी चाकरीला लागण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे नगराबाहेर, स्मशानाजवळच्या शमीवर बांधून ठेवली, ही कथा दसरा जवळ आला की मराठी घरांतून हमखास निघते. आमच्या अमरावती जिल्ह्यात तर तिला घरचाच संदर्भ आहे. चिखलदऱ्याचे नाव कीचकदऱ्यावरून आले असे इकडे सांगतात, तिथले भीमकुंड दाखवतात आणि वैराटचे नाते विराटाशी जोडतात. इतिहास म्हणून यावर विसंबण्याचे कारण नाही. पण शेंदूरजनाघाटच्या माणसाला विराटपर्व परक्या मुलखातले वाटत नाही. मात्र ही नोकरदारांचीही कथा आहे, हे आमच्या ध्यानात आले ते अमेरिकेतल्या एका वादामुळे.

ओक्लाहोमा राज्यातील व्हॅलियंट येथे वेअरहाउझर कंपनीची कागदगिरणी होती. २००२च्या ऑक्टोबरात कंपनीने वाहनतळावर कुत्रे फिरवून गाड्यांची झडती घेतली आणि ज्यांच्या गाडीत बंदुका निघाल्या त्यांना कामावरून काढले. त्यांत कंत्राटदारांची माणसेही होती. आवारात शस्त्र नको, हा नियम कंपनीने त्याच वर्षी वाहनतळालाही लागू केला होता. लोक चिडले. २००४ साली राज्याने कायदाच केला, की कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवायला मालकाला मनाई करता येणार नाही. इतर कंपन्या न्यायालयात गेल्या, २००७ मध्ये जिंकल्या आणि २००९ मध्ये वरच्या न्यायालयात हरल्या. आज वीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. फ्लोरिडाच्या २००८च्या कायद्यात स्फोटकांचा परवाना असणाऱ्या मालकांना सूट आहे; तिथल्या डिस्ने उद्यानाने आपल्या आतषबाजीच्या आधारे ती स्वतःकडे ओढून घेतली. व्यंगकथा लिहिणाऱ्यांसाठी काही शिल्लक ठेवायचे नाही, असा तिकडचा रिवाज दिसतो.

आपल्याकडे हा वाद उभाच राहत नाही. १९५९चा शस्त्र अधिनियम मालक आणि नोकर या दोघांच्याही आधी येऊन बसलेला आहे. परवान्याशिवाय बंदूक नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुकाही पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद या कायद्यात आहे खरी. पण रानडुकरांनी रात्रीतून शेत उकरून टाकलेल्या शेतकऱ्याला कलमांतला हा दिलासा कितपत पोचतो, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको.

तिकडच्या वादात एक पक्ष म्हणतो, गाडी म्हणजे माझे घर. दुसरा म्हणतो, ही जमीन माझी. दोन्ही बाजू मालकीचीच भाषा बोलतात. आम्हांला त्यात अंतराचा विचार कुठे दिसत नाही. शमी नगराबाहेर होती. पांडवांना अर्थात विराटाने तसे सांगितले नव्हते. ओळख लपवायची म्हणून त्यांनी ते आपणहून केले, झाडाला एक प्रेत बांधले आणि ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, असे लोकांना सांगितले. पण त्या अंतरामुळे पुढे काय घडते ते पाहावे. कौरवांनी गाई वळवल्या तेव्हा अर्जुनाला रथ हाकत तिथवर जावे लागले, भेदरलेल्या उत्तराला झाडावर चढवावे लागले, एकेक धनुष्य कुणाचे ते त्याला सांगावे लागले. युद्धाच्या तोंडावरचा हा सारा विलंब व्यासांनी सावकाश लिहिला आहे. वाहनतळावरच्या गाडीत असा विलंब नसतो. साहेबाशी भांडण झाले, संतापाने बाहेर पडले, चावी फिरवली. म्हणून कंपनीचा नियम आम्हांला योग्य वाटतो. झडती घालून माणसे काढण्याची तिची रीत मात्र अन्यायाचीच होती. शिकारीच्या मुलखात बंदूक गाडीत राहून जाते, जशी संत्र्याची कलमे बांधणाऱ्या माणसाच्या पिशवीत त्याची सुरी. त्याला आधी बोलावून सांगता आले असते.

तरीही दुसऱ्या बाजूचा एक प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. रात्रपाळी संपवून एकटीने लांबच्या निर्जन रस्त्याने घरी जाणारी कामगार बाई विचारते, की माझे शस्त्र तुम्ही दाराबाहेर ठेवायला लावले, आता वाटेत माझे रक्षण कोण करणार? मालकाचा नियम फाटकाशी संपतो, आणि ती तर फाटकाच्या पुढे निघालेली असते. आणि फाटकाच्या आत तरी काय? आपल्याकडे कामाच्या ठिकाणी स्त्रीला होणाऱ्या छळाची जबाबदारी मालकावर टाकायला १९९७चा विशाखा निकाल यावा लागला, आणि कायदा व्हायला २०१३ उजाडले.

सैरंध्रीही नोकरच होती. कीचक तिच्या मालकिणीचा भाऊ. त्याने भर सभेत तिला लाथ मारली, तेव्हा तिचे दोन पती तिथेच होते, निःशस्त्र आणि नोकरीत. तिने राजाकडे दाद मागितली. विराट म्हणाला, तुमचे भांडण आमच्या डोळ्यांआड झालेले, खरे कारण कळल्यावाचून आम्ही काय निवाडा करणार? कंक झालेल्या युधिष्ठिराने तिला आत सुदेष्णेकडे जायला सांगितले. त्याच रात्री ती पाकशाळेत गेली आणि झोपलेल्या भीमाला तिने उठवले.