घसरत्या गाडीचा ताबा

आमच्या कोल्हापुरात एखाद्याचा मुलगा वाया गेला असे सांगायचे असेल, तर ‘तो गाड्यांच्या नादाला लागलाय’ एवढे म्हटले तरी पुरते. पुढचे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असते. उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथवर उभा राहून मी स्वतः असे कित्येक नादिष्ट पाहिले आणि, खरे सांगायचे तर, त्यांच्यातल्या अनेकांची कामेही केली. त्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेतून मुलीचा फोन आला आणि ती म्हणाली, “बाबा, तुम्ही या आणि तुमच्या नातवाला चार शब्द सांगा. तो माझं ऐकत नाही,” तेव्हा प्रकरण काय असणार हे मी तिकीट काढण्यापूर्वीच ओळखले होते.

प्रकरण गॅरेजमध्ये चार लोखंडी स्टँडवर उभे होते. २००६ सालची फोर्ड मस्टँग, रंग उडालेली, दोन मालकांनी वापरून सोडलेली. नातू बावीस वर्षांचा. डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात नोकरीला लागून त्याला वर्षही झाले नव्हते. साठवलेल्या पैशातून त्याने ही गाडी घेतली होती आणि तिची तो ‘ड्रिफ्ट’ व ट्रॅकची गाडी करणार होता. मागच्या सीटा, गालिचा, रेडिओ सारे काढून त्याने भिंतीशी रचून ठेवले होते. मुलीने दारातूनच मला ते दाखवले आणि ती आत गेली. ती त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकत नव्हती. त्याचे कारण मला ठाऊक होते, पण ते जरा पुढे सांगतो.

या जातीच्या गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपण पैलवान गाडी म्हणू. अंगापिंडाने साधी, किमतीने मध्यमवर्गीयाला झेपेल अशी, पण छातीत आठ सिलिंडरचे अवाढव्य इंजिन. १९६४ च्या मॉडेलमध्ये पाँटिअॅकने आपल्या एका साध्या गाडीत सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ काढली, तेव्हापासून ही जात ओळखीची झाली असे बहुतेक जण मानतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मस्टँग आली. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत या गाड्यांच्या शर्यती लागत, आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांतले इंजिनिअरही त्या पाहायला जात म्हणे. पुढे विम्याचे दर चढले, १९७० चा धुराविषयीचा कायदा आला, १९७३ मध्ये तेल महागले आणि पैलवानांची खुराक बंद झाली. काही दशकांनी ती पुन्हा सुरू झाली. आमच्या नातवाची गाडी या दुसऱ्या पिढीतली : ४.६ लिटर, तीनशे अश्वशक्ती. ज्या प्रीमियर पद्मिनीत बसून आपण महाबळेश्वर पाहिले, तिची शक्ती चाळीसच्या आसपास होती, हे ध्यानात घ्या.

आणि ड्रिफ्ट म्हणजे काय? तर वळणावर गाडीची मागची चाके मुद्दाम घसरवायची, गाडी आडवी करायची आणि ती तशीच आडवी ठेवून वळण पार करायचे. वळण डावीकडे असते आणि पुढची चाके उजवीकडे वळलेली असतात. पाहणाऱ्याला वाटते, गेली गाडी! पण चालवणारा अॅक्सलरेटर आणि स्टिअरिंग यांच्या जोरावर तिला त्या कडेवर तोलून धरत असतो. जपानमधल्या घाटरस्त्यांवर हा प्रकार वाढला. केइची त्सुचिया नावाच्या चालकाने तो जगाला दाखवला. अमेरिकेत २००४ पासून त्याची रीतसर स्पर्धा भरते. २००५ मध्ये ती पाँटिअॅक जीटीओने जिंकली आणि २०१० मध्ये मस्टँगने. म्हणजे सरळ पळण्यासाठी जन्मलेला पैलवान नाचायलाही शिकला.

हे सारे नातवाने मला पहिल्या दोन दिवसांत सांगितले. मी ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी, बोलावल्याप्रमाणे, माझे चार शब्द सुनावायला गॅरेजमध्ये गेलो. म्हटले, “तीनशे घोडे कमी पडतात म्हणून आणखी किती घालणार आहेस?” तो गाडीखालून म्हणाला, “आजोबा, इंजिनला मी हातच लावणार नाहीये. आधी ब्रेक, मग कूलिंग, मग सीट आणि बेल्ट. पैसे उरले तर पुढचं बघू.”

मी काही न बोलता स्टुलावर बसलो.

आता ते कारण सांगतो. १९७९ साली माझा धाकटा भाऊ पन्हाळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून गेला. मित्रांशी पैज होती. रात्रीची वेळ होती आणि वळणावर समोरून बैलगाडी आली. त्याची ती मोटारसायकल मी तयार करून दिली होती. सिलिंडरची पोर्टे घासून गुळगुळीत केली, पुढचे स्प्रॉकेट बदलले, कार्ब्युरेटरचे जेट मोठे केले. गल्लीतले लोक इंजिनाचा आवाज ऐकून माझे कौतुक करीत. ब्रेक होते तसेच ठेवले. ब्रेककडे पाहावे असे मला सुचलेसुद्धा नाही, कारण ब्रेकचे कौतुक कोणी करत नाही. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या त्या काकाने तिला आदल्याच दिवशी टाकीवर बसवून रंकाळ्याला चक्कर मारून आणली होती.

चव्वेचाळीस वर्षांनी माझा नातू जे शब्द गाडीखालून सहज बोलला, ते मला तेव्हा कोणी सांगायला हवे होते.

वेगाचे गणित फसवे असते. वेग दुप्पट झाला की ब्रेकवर पडणारा भार चौपट होतो. सोळाशे किलोची ही गाडी ताशी १६० किलोमीटरवरून थांबवायची तर तेवढ्यात जी उष्णता निघते, तिच्यावर सुमारे साडेचार लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. रस्त्यावर असे क्वचित घडते. ट्रॅकवर ते दर वळणाला घडते. ब्रेकचे तेल उकळले की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल दाबले तर पाय नुसता खाली जातो. म्हणून नातवाने जास्त उष्णता सोसणारे पॅड आणले, तेल बदलले, पुढून हवा खेळावी म्हणून नळ्या ओढल्या. ब्रेकची हवा काढताना पेडलवर पाय माझा होता. तीन दिवस माझे काम तेवढेच!

पण उद्यमनगरचा माणूस पेडलवर किती दिवस बसणार? गाडी खाली घेतल्यावर मागचा एक्सल एका बाजूला सरकलेला दिसला. मोजले तर आठ मिलिमीटर. या गाडीत मागचा एक्सल अखंड आहे, आणि तो डावी-उजवीकडे हलू नये म्हणून एका आडव्या दांड्याने बॉडीशी बांधलेला असतो. गाडी बसली की त्या दांड्याचा कोन बदलतो आणि तो एक्सलला ढकलतो. उपाय सोपा : लांबी कमीजास्त करता येईल असा दांडा, एका टोकाला सुलटा आटा, दुसऱ्याला उलटा. मी म्हटले, “हा मी तासाभरात पाडून देतो. ओळखीच्या कुणाचा लेथ असेल तर बघ.” कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या घरी लेथ होताही.

नातू गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “आजोबा, तुम्ही चांगला कराल, मला माहीत आहे. पण धातू कुठला मिळेल, तो आतून कसा असेल, हे आपल्याला दिसणार नाही. वळणात हा तुटला तर मागची चाकं आपली नाहीत.” त्याने तपासून आलेला दांडा मागवला. त्यासाठी दोन आठवडे काम थांबवले. मला राग आला होता, हे कबूल करतो. आपल्याकडे जुगाडाचे फार कौतुक चालते आणि मीही त्यावर आयुष्य काढले. पाण्याच्या पंपाचा किंवा उसाच्या घाण्याचा जुगाड फसला तर माणूस शिव्या देतो आणि पुन्हा येतो. इथे पुन्हा येण्याची सोय नाही. दोन आठवडे मी त्या रिकाम्या जागेकडे पाहत होतो, आणि राग गेल्यावर मला कळले की मुलाला समजावायला आलेला मी, त्या गॅरेजमधला सर्वांत बेफिकीर माणूस होतो.

ड्रिफ्ट आणि ट्रॅक या दोन्हींसाठी एकच गाडी करणे ही मात्र मला अजूनही तडजोड वाटते. ड्रिफ्टला मागची दोन्ही चाके एकत्र फिरायला हवीत. काही जण तर डिफरन्शियलचे गिअर वेल्ड करून टाकतात. ट्रॅकला नेमके उलटे, बाहेरच्या चाकाला जास्त फिरायची मुभा हवी, नाहीतर गाडी वळायलाच नाखूष. नातवाने मधला मार्ग काढला. डिफरन्शियलमधल्या झिजलेल्या क्लच-प्लेटी नव्या घातल्या आणि वेल्डिंगला हात लावला नाही. पुढची चाके जास्त वळावीत म्हणून स्टिअरिंगचे भाग बदलले, हातब्रेक हायड्रॉलिक केला. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी गाडी कुठल्याच डगरीवर पहिली येत नाही. पण त्याला पहिले यायचे नव्हते, हे मला उशिरा समजले.

खर्चाबद्दल आडपडदा ठेवत नाही. ड्रिफ्टच्या एका दिवसात मागच्या टायरांचे गोटे होतात. पेट्रोल जळते, धूर होतो, कान किटतात. पाणीटंचाईच्या गावातून आलेल्या माणसाला हे पाहून बोचते, आणि बोचावेच. हा चोचला आहे, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण घरोघरी या वयाची मुले आहेत आणि त्यांना वेग हवा असतो, हीही खरी गोष्ट आहे. ती भूक आपण उपदेशाने मारू शकत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे. तिला जागा नसेल तर ती रस्त्यावर येते, आणि रस्त्यावर बैलगाडी असते, शाळेतून परतणारे पोर असते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ घडणीत परस्पर बदल करू देत नाही आणि १८९ वे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावू देत नाही. दोन्ही योग्यच आहेत. पण मनाई लिहून झाली की आपले काम संपले असे आपण मानतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइमतूरला करी आहे, दिल्लीजवळ बुद्ध सर्किट आहे. कोल्हापूरच्या, साताऱ्याच्या, नाशिकच्या पोराने यांतल्या कुठल्या ठिकाणी रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायचे? तालमीसाठी आपण गल्लोगल्ली जागा राखली, कारण अंगात रग असलेल्या पोरांना मातीत उतरवले तर ती बाहेर दंगा करत नाहीत, हे आपल्या वाडवडिलांना कळत होते. एक डांबरी चौक, प्लास्टिकचे शंकू, एक रुग्णवाहिका आणि कडक नजरेचा वस्ताद, एवढ्याने सुरुवात होते. नातवाने ड्रिफ्टचे पहिले धडे अशाच ओल्या केलेल्या चौकात, सायकलच्या वेगाने गिरवले. पहिल्या दिवशी तो सतरा वेळा गरकन फिरला. कोणाला खरचटलेही नाही.

सप्टेंबरमध्ये साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर जायचे ठरले. मिशिगन सरोवराच्या काठचे गाव, तीन तासांची वाट. आत सोडण्यापूर्वी गाडीची तपासणी झाली : बॅटरी घट्ट आहे का, चाकांचे नट आवळलेत का, कुठे तेल गळतेय का. हेल्मेटच्या आतला शिक्काही पाहिला. मोटारसायकलचे हेल्मेट तिथे चालत नाही, कारण मोटारीच्या हेल्मेटचे अस्तर आग सोसणारे लागते. नट मी स्वतः टॉर्कच्या पान्याने दोनदा तपासले होते. तपासणाऱ्याने तिसऱ्यांदा तपासले. त्याचा मला अजिबात राग आला नाही.

मुलगी आली होती. येणार नाही म्हणत म्हणत डबा घेऊन शेवटी आली आणि गाड्या उभ्या करतात तिथे पाठ करून बसली. नातू सुटला, तशी मात्र ती उठून कुंपणापाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. जाळी तिने दोन्ही हातांनी धरली होती. सात-आठ फेऱ्या झाल्या. मग इतर गाड्या त्याला मागे टाकून पुढे जाऊ लागल्या आणि तो एकटाच कडेकडेने, रमतगमत येताना दिसला.

“बाबा, काय झालं? गाडी बिघडली का त्याची?”

“काही नाही झालं. शेवटची फेरी हळू मारतात. ब्रेक गार करतोय तो.”

“असं कोणी सांगितलं त्याला?”

“मी नाही,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. नातू आत येऊन थांबला, पेला भरून पाणी प्याला आणि वही काढून टायरची हवा लिहू लागला. मुलीने डबा उघडला. थोड्या वेळाने तिने त्याला विचारले, पुढची पाळी किती वाजता आहे?