मंत्र कुणी दिला, हेही विचारू या

गेल्या महिला दिनाची गोष्ट. आमच्या गटातली एक मैत्रीण चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. गाड्यांचं वायरिंग हार्नेस जोडायचं काम, तेही आठ तास उभ्यानं. बसायला स्टूल नाही. लघवीला जायचं तर लाइन लीडरकडून पास घ्यायचा, आणि तोही एका वेळी एकीलाच मिळणार. त्या दिवशी दुपारी सगळ्या बायकांना कँटीनमध्ये बसवलं. बाहेरून आलेल्या एका बाईंनी त्यांना डोळे मिटायला, छातीवर हात ठेवायला लावलं आणि एकशेआठ वेळा म्हणवून घेतलं, 'मी जशी आहे तशी पूर्ण आहे. मी माझ्यावर प्रेम करते.' शेवटी एकेक गुलाबाचं फूल आणि एकेक समोसा. आणि त्यात गेलेली चाळीस मिनिटं? ती शिफ्ट सुटल्यावर थांबवून भरून घेतली, बिनपैशांनी.

आमची मैत्रीण हे सांगताना चिडलेली नव्हती. ती म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला बरं वाटलं. मी रडले. आजवर मला असं म्हणायला कुणी सांगितलंच नव्हतं."

बैठकीत दोघी-तिघी हसल्या. "ही सगळी मालकाची भोंदूगिरी," म्हणून विषय संपवायला निघाल्या. मला तसं वाटत नाही. तिला बरं वाटलं हे खरं आहे, आणि ते खोटं ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. पहाटे चारला उठून डबे करणारी, बसमध्ये उभी, लाइनवर उभी, घरी आल्यावर पुन्हा ओट्याशी उभी असणारी बाई दहा मिनिटं डोळे मिटून बसली, श्वास संथ झाला, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हटला, तर शरीर सैल पडणारच. हर्बर्ट बेन्सन या अमेरिकी डॉक्टरांनी 1975 सालीच लिहून ठेवलं, की ही विश्रांती कुठलाही शब्द शांतपणे घोळवला तरी मिळते. त्यासाठी ना गुरूची फी लागते, ना कंपनीची परवानगी.

तेव्हा माझं भांडण मंत्राशी नाही. तो कुणी दिला, कशाच्या बदल्यात दिला आणि म्हणून झाल्यावर बाई काय करू शकते, याच्याशी आहे.

आपण राहतो तो मुलूखच नामाचा आहे. भोसरीच्या एमआयडीसीतून निघालं की एका बाजूला आळंदी, दुसऱ्या बाजूला देहू. सतराव्या शतकात या देहूला बहिणाबाई आली. ब्राह्मण घरातली बाई, आणि गुरू मानला तुकोबांना, म्हणजे त्या काळी शूद्र गणल्या गेलेल्या माणसाला. त्यापायी नवऱ्यानं तिला मारलं, देहूत मंबाजीनं छळलं. हे सारं तिनं स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवलंय. तिला उगाच आजच्या स्त्रीवादी साच्यात बसवायचं कारण नाही. तिनं नवरा सोडला नाही, पतिव्रताधर्मही सांगितला. पण आपलं मन कुठे ठेवायचं हे मात्र तिनं ठरवलं, आणि त्याची किंमत मोजली. तिच्याही आधीची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. दळता-कांडताना नाम घेणारी ही बाई विठ्ठलाला जात्याशी बसवते, कामाला लावते, प्रसंगी त्याच्याशी भांडते. चोखामेळ्याची सोयराबाई नाम घेता घेता विटाळ म्हणजे काय, असा थेट सवाल करते.

मैत्रिणींनो, फरक इथेच आहे. एक मंत्र असा, की तो घेतला म्हणून बाईला मार खावा लागला. दुसरा असा, की तो खुद्द मालक कँटीनमध्ये समोशाबरोबर वाटतो. या दोघांना एकच कसं म्हणायचं?

'मी जशी आहे तशी पूर्ण आहे.' कंत्राटी बाईनं हे म्हणायचं म्हणजे काय? पगार आहे तेवढाच पूर्ण आहे? पाठदुखी, दाबून धरलेली लघवी, दर काही महिन्यांनी होणारा 'ब्रेक', हेही पूर्णच? बाई थकते ती तिचं स्वतःवर प्रेम कमी आहे म्हणून, असं एकदा तिच्या मनावर ठसवलं की स्टूल कुणी मागायचं? उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय करावी, हे 1948 च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं. त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रमसंहितेतही आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा 2013 चा कायदा. आमच्या मैत्रिणीला एकशेआठ वेळा मंत्र म्हणायला लावला, पण समितीवर कोण आहे हे तिला एकदाही सांगितलेलं नाही.

आणि हे 8 मार्चला! 1917 साली पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बाया याच दिवशी भाकरीसाठी काम टाकून रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या दिवसाचं आपण गुलाबाचं फूल करून टाकलं.

देहूच्या शेजारी तळवडे आहे. तिथे 8 डिसेंबर 2023 ला वाढदिवसाच्या केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या बेकायदा कारखान्यात आग लागली. मेलेल्यांत बहुतेक बायकाच होत्या. त्यांना काय कमी पडलं होतं, स्वतःवरचं प्रेम? त्यांना हवा होता परवाना तपासणारा अधिकारी आणि बाहेर पडायला मोकळा दरवाजा.

पण आता थोडं आपल्याकडेही बघू. त्या मैत्रिणीला 'तू स्वतःवर प्रेम कर' हे पहिल्यांदा सांगणारी बाई कंपनीनं आणली, आपण नाही. आपण तिला मोर्च्याला बोलावलं, सह्या घेतल्या, घोषणा शिकवल्या. तिला झोप लागते का, आरशात बघताना काय वाटतं, हे किती वेळा विचारलं? वस्तीतल्या बायका बैठकीला, सत्संगाला जातात म्हणून आपण नाकं मुरडतो. तिथे त्यांना तासभर कुणी हाक मारत नाही, एवढं तरी समजून घेतलं का? रिकामी जागा आपण ठेवली, ती दुसऱ्यांनी भरली.

देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या परंपरेतली मैत्री-भावना स्वतःपासून सुरू होते. मी सुखी होवो, इथून. पण ती तिथे थांबत नाही. शेजारणीकडे जाते, अनोळखी माणसाकडे जाते. आणि बाबासाहेबांनी दुःखाचा विचार करताना माणसामाणसांतला, वर्गावर्गांतला संघर्षही त्यात आणला. दुःख नुसतं मनात बसलेलं नसतं.

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय. दर महिन्याच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं शांत बसायचं. जिला नाम घ्यायचंय तिनं नाम घ्यावं, जिला नुसता श्वास बघायचाय तिनं तो बघावा, जिला काहीच नको तिनं भिंतीला टेकून पाय पसरावेत. मग एकेकीनं बोलायचं. पहिल्याच वेळी आमची ती मैत्रीण म्हणाली, "माझं माझ्यावर प्रेम आहे ना, मग मला स्टूल पाहिजे." अर्ज लिहिलाय. तिच्यासकट अकरा जणींच्या सह्या आहेत. एकटीचं नाव पुढे येऊ नये म्हणून सह्या गोलाकार केल्यात.

उत्तर काय येतं ते पुढच्या अंकात कळवू. तुमच्या कारखान्यात यंदा महिला दिनाला काय वाटलं, आणि तुम्ही काय मागितलं, तेही जरूर लिहून पाठवा.