जलूदचे पाणी, जलूदचे ऊन आणि आपला पैसा

मंडळी, विजेचे बिल आले की आपण मीटर तपासतो, पंखे मोजतो, गीझर कोण चालू ठेवून गेला यावरून घरात दोन शब्द होतात. पण इंदूरच्या घरात जेवढी वीज मीटरमधून येते, तिच्याशिवाय आणखी थोडी वीज नळातून येते. ती कोणत्याही मीटरवर दिसत नाही. तिच्याबद्दल या अंकात लिहायचे आम्ही ठरवले, कारण तिच्यावर आता आपले पैसे लागले आहेत.

नर्मदेचे पाणी जलूदला उचलले जाते. मंडलेश्वरजवळचे हे गाव इथून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. नदी खाली निमाडात, आपण वर माळव्याच्या पठारावर, मध्ये विंध्याचा घाट. पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी ढकलत वांचू पॉइंटपर्यंत चढवावे लागते, मग ते उताराने शहराकडे येते. चढ सुमारे पाचशे मीटरचा. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर उचलायला पदार्थविज्ञानाच्या नियमानेच किमान 1.36 युनिट वीज लागते. त्यात पंप-मोटारींची घट आणि सत्तर किलोमीटर नळातले घर्षण मिळवा, म्हणजे हिशेब दोन युनिटांच्या घरात जातो. चार माणसांचे कुटुंब दिवसाला पाच-सहाशे लिटर पाणी वापरत असेल तर त्याच्यामागे रोज एक युनिटभर वीज जळते. स्वयंपाकघरातला फ्रिज साधारण तेवढीच खातो. फरक एवढाच की फ्रिजचे दार उघडे राहिले तर आपण ओरडतो, आणि गल्लीच्या तोंडाशी नर्मदेची लाइन फुटून दोन दिवस पाणी वाहत असले तर पायजमा वर धरून बाजूने जातो.

शहराला रोज साडेचारशे ते पाचशे दशलक्ष लिटर पाणी येते असे धरले, तर दिवसाला नऊ-दहा लाख युनिटे झाली. नगर निगमाचे पंपांचे वीजबिल महिन्याला पंचवीस कोटींच्या घरात जाते ते यामुळेच. आपण भरतो तो जलकर या रकमेपुढे अगदीच तोकडा आहे. उरलेला भार इतर करांवर आणि सरकारी मदतीवर पडतो, म्हणजे फिरून आपल्याच खिशावर.

या बिलावर उपाय म्हणून निगमाने फेब्रुवारी 2023 मध्ये हरित रोखे काढले. खरगोन जिल्ह्यात जलूदजवळच, सामराज आणि आशुखेडी या गावांच्या परिसरात, 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि पंपांना उन्हाची वीज द्यायची, अशी ही योजना. पूर्वी 2021 मध्ये गाझियाबादने असे रोखे काढले होते, पण ते मोठ्या संस्थांसाठी. सामान्य माणसाला दहा हजार रुपयांपासून अर्ज करता येईल असे महापालिकेचे हरित रोखे देशात पहिल्यांदा निघाले ते इंदुरात. 122 कोटी मागितले होते, 720 कोटींच्या आसपास अर्ज आले, आणि जादा घेण्याची मुभा वापरून निगमाने 244 कोटी उचलले. व्याज 8.25 टक्के, सहामाही. मुद्दल चार समान भागांत, तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी परत. आपल्या समाजातल्याही कित्येक निवृत्त मंडळींनी बँकेतली मुदत ठेव मोडून त्यात पैसे घातले. व्याज बरे, शिवाय शहराचे काम. आम्हांला त्याचे कौतुक वाटले आणि आजही वाटते. ज्या शहरात लोक पैसे लावताना जमीन आणि सोने याशिवाय तिसरे नाव घेत नसत, तिथे पंपाच्या विजेसाठी रांग लागली ही साधी गोष्ट नव्हे.

पण कौतुक झाले की हिशेब मागायचा असतो. 244 कोटींवर वर्षाला वीस कोटी व्याज होते, म्हणजे महिन्याला पावणेदोन कोटींच्या आसपास. हे व्याज पैसे जमल्या दिवसापासून चालू झाले. बचत मात्र पॅनेलमधून वीज वाहू लागल्यावरच चालू व्हायची. दोन वर्षे उलटली तरी ती वाहू लागली नव्हती. दोन वर्षांचे व्याज चाळीस कोटी. पैसे आधी आणि काम मागाहून हे मोठ्या प्रकल्पात थोडेफार होतेच, आम्ही काही अडाण्यासारखे रोज बोट मोडणारे नाही. तरी जमिनीचा, निविदेचा आणि वाहिनीचा घोळ रोखे विकण्याआधी निस्तरता आला नसता का, हा प्रश्न परिषदेत ज्या जोराने विचारला जायला हवा होता त्या जोराने विचारला गेला नाही. सत्ताधाऱ्यांना उत्सव हवा होता. विरोधकांना तर आकडे वाचायचाच कंटाळा.

जलूद या गावाच्या वाट्याला विजेची गुंतवणूक पहिल्यांदाच आलेली नाही, हेही नव्या पिढीला सांगितले पाहिजे. याच गावाजवळ, अहिल्याबाईंच्या महेश्वराच्या नावाने, 400 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प 1990 च्या दशकात एका खासगी कंपनीला दिला गेला. जलविद्युत खासगी हातात देण्याचा देशातला तो पहिलाच प्रयोग म्हणून गाजला. 61 गावांना झळ बसणार होती, आणि त्यात पहिले गाव जलूद. जानेवारी 1998 मध्ये हजारो गावकऱ्यांनी धरणाची जागा ताब्यात घेतली. पुनर्वसनाची जमीन कुठे आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळाले नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत जर्मन आणि अमेरिकन कंपन्या एकामागून एक बाहेर पडल्या. धरणाची भिंत उभी राहिली, खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला, ग्राहकाला वीज मिळाली नाही, आणि 2020 मध्ये राज्य सरकारने वीजखरेदीचा करारच रद्द केला. एवढी वर्षे सरकारी वित्तसंस्थांचा पैसा त्यात अडकून पडला होता.

आम्ही ही जुनी गोष्ट का काढतो? सौर प्रकल्प म्हणजे महेश्वर धरण नव्हे. त्याने कोणाचे घर बुडत नाही, आणि उन्हाची वीज आता स्वस्त आहे. आपल्याच राज्यात 2021 मध्ये नीमचच्या सौर प्रकल्पासाठी युनिटला 2 रुपये 15 पैशांच्या आसपास बोली लागली होती. गोष्ट काढली ती एवढ्यासाठी की महेश्वरच्या वेळी आकडे कोणासमोर मांडलेच गेले नाहीत. किती वीज, कोणत्या भावाने, कोणाच्या जोखमीवर, हे करारात बंद होते. शेवटी नुकसान वाटून घेताना मात्र सगळे आले. 2025 साली अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, राजवाड्यात मंत्रिमंडळाची बैठकही भरली, हार-तुरे झाले. त्या बाईंचे नाव घ्यायचे तर खजिन्याच्या पै-पैचा हिशेब ठेवण्याची त्यांची शिस्तही घ्यावी लागेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्या हवेत दिवसाला पावणेतीन ते तीन लाख युनिटे देईल. पंपांना लागतात नऊ-दहा लाख. म्हणजे प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तरी गरजेचा तिसरा हिस्सादेखील पुरता भागत नाही. ही काही निंदा नव्हे, एवढी बचतही महिन्याला चार-पाच कोटींची होईल. पण आता दुसरा हिशेब करा. घाट चढवून आणलेल्या शंभर भाग पाण्यातले तीस भाग जर शहरातल्या जुन्या नळांतून, फुटक्या जोडांतून आणि चोरीच्या कनेक्शनांतून जात असतील, तर त्यांच्यासोबत तेवढीच, म्हणजे तीन लाख युनिटांच्या आसपास वीज मातीत जाते. 244 कोटींचा पूर्ण सौर प्रकल्प एका हाताने उभा करायचा आणि दुसऱ्या हाताने जमिनीत पुरायचा, असा हा व्यवहार झाला. केंद्राच्या अमृत 2.0 योजनेनेच हिशेबाबाहेर जाणारे पाणी वीस टक्क्यांच्या खाली आणण्याचे लक्ष्य शहरांपुढे ठेवले आहे. आपले इंदूर त्या लक्ष्यापासून किती दूर आहे हे प्रभागवार, टंकीवार जाहीर व्हायला हवे. टंकीत किती पाणी चढले आणि घरांत किती पोचले, हे मोजायला मीटर लागतात. मीटर हा शब्द काढला की आपलेच लोक दचकतात, हेही खरे. जलकर वाढेल ही भीती. आमचे म्हणणे, आधी टंकीच्या तोंडाला आणि वस्तीच्या तोंडाला मीटर बसवा, घरांचे मागाहून बघू.

आणि हा नुसता पैशांचा प्रश्न राहिलेला नाही. डिसेंबर 2025 च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैला मिसळला आणि माणसे दगावली. स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिले आलेले आपले शहर, आणि तिथे हे घडले. ज्या फटीतून पाणी बाहेर जाते त्याच फटीतून, नळात दाब नसताना, घाण आत येते. एक दिवसाआड पाणी देण्याच्या पद्धतीत नळ अर्धा वेळ रिकामेच असतात. तेव्हा गळती दुरुस्त करणे हे विजेचेही काम आहे आणि जिवाचेही. पंचवीस कोटींची वीज जाळून नर्मदा घाटावर चढवायची आणि शेवटच्या दोनशे पावलांत तिचे विष होऊ द्यायचे, याला काय म्हणावे?

इतक्यात नर्मदेच्या चौथ्या टप्प्याची योजना पुढे आली आहे. शहर वाढते आहे, बायपासपलीकडे वस्त्या गेल्या आहेत, पाणी लागणारच. 1970 मध्ये नर्मदेसाठी या शहराने आंदोलन केले, अभ्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांसह सगळ्या पक्षांची माणसे रस्त्यावर आली, आणि 1978 मध्ये पाणी आले. ज्यांच्या घरी त्याआधी हंड्यांच्या रांगा लागत, ते पाण्याला नको म्हणणार नाहीत. पण आणखी पाणी म्हणजे आणखी पंप, आणखी वीज. चौथ्या टप्प्याच्या खर्चात नळ आणि टाक्या दिसतात. पुढची तीस वर्षे भरायचे वीजबिल त्यात कुठे दिसते? होळकरांच्या काळातला यशवंतसागर आजही थोडे पाणी देतो, आणि त्याला पाचशे मीटरचा चढ नाही. बिलावलीचा तलाव, जुन्या विहिरी, बावड्या यांचा गाळ काढून बागांना, बांधकामांना आणि रस्ते धुवायला तरी ते पाणी वापरले तर तेवढी नर्मदा कमी चढवावी लागेल. सांडपाणी शुद्ध करून वापरण्याचेही तेच.

तांत्रिक वाटले तरी आणखी एक गोष्ट लिहितो. ऊन दिवसा असते आणि पंप रात्रंदिवस चालतात. उन्हाची वीज साठवायला बॅटऱ्या महाग. पण आपल्याकडे बॅटरीपेक्षा स्वस्त साठवण आहे, ती म्हणजे उंचावरची टाकी. वरच्या टाक्या मोठ्या केल्या, पंपांची क्षमता वाढवली, आणि दुपारी जास्त पाणी चढवून रात्री पंप कमी चालवले, तर ऊनच पाण्याच्या रूपाने साठते. सूर्य असताना विजेचा दर कमी ठेवावा असा नियम केंद्राने 2023 मध्ये केला आहे, तेव्हा वाऱ्याची दिशाही तीच आहे. चौथ्या टप्प्याचा आराखडा करणाऱ्यांनी हे आत्ताच बघावे. नळ टाकून झाल्यावर कोणी टाक्या मोठ्या करत बसत नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. निगमाने दर महिन्याला एक पानभर जमाखर्च जाहीर करावा: जलूदला किती पाणी उचलले, किती वीज लागली, त्यात सौर वीज किती, बिल किती, शहरात किती पाणी पोचले, रोख्यांचे व्याज किती दिले. आणि सौर विजेने जी बचत होईल ती वेगळ्या खात्यात ठेवून फक्त जुने नळ बदलण्यासाठी वापरावी, चौकांच्या रोषणाईसाठी नव्हे. जुलै 2022 मध्ये निवडून आलेल्या परिषदेची पाच वर्षे 2027 मध्ये पुरी होतात. मत मागायला येणाऱ्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो आणि आपल्याशी कितीही गोड मराठीत बोलो, हे पान दाखवा म्हणावे.

दुसऱ्याला सांगताना आपले घरही झाडून घ्यावे लागते. आमच्या मंडळाच्या सभागृहाच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याचा ठराव तीन वर्षे इतिवृत्तात झोपला आहे. दर वर्षी अनुमोदन मिळते, चहा होतो, विषय पुढच्या बैठकीवर जातो. घरगुती ग्राहकाला फेब्रुवारी 2024 च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंत 78 हजार रुपये अनुदान ठरले, रहिवासी सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठीही किलोवॉटला 18 हजारांची तरतूद केली गेली. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर भागातल्या ज्या सभासदांनी घरावर पॅनेल बसवली आहेत त्यांनी आपले खरे आकडे, म्हणजे आधीचे बिल, नंतरचे बिल आणि दुरुस्तीचा त्रास, आम्हांला लिहून द्यावेत. ते पुढच्या अंकात छापू. आणि आपल्या गल्लीत नर्मदेची लाइन कुठे गळते, कधीपासून गळते, तक्रार केव्हा केली, हेही एका कागदावर लिहून वॉर्डाच्या बैठकीला घेऊन यावे. पार्षदांना निमंत्रण गेले आहे.