होकार द्या, पण कोऱ्या कागदावर नको

वर्षाचा जमाखर्च मंजूर करायच्या सभेला आमच्या सोसायट्यांत दहा सभासद जमत नाहीत. विषयपत्रिकेवर 'पुनर्विकास' हा एक शब्द आला की मात्र जिन्यातही उभे राहायला जागा उरत नाही. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, बोरिवली या पट्ट्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या इमारतींत आपलेच लोक पुष्कळ आहेत. घरबांधणी अग्रिम काढून, भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन, प्रसंगी घरातले दागिने मोडून रेल्वे व टपाल कामगारांनी ही घरे घेतली. तेव्हा चौथा मजला स्वस्तात मिळाल्याचा आनंद होता. आज पंचाहत्तरी गाठलेल्या गार्डसाहेबांना तोच चौथा मजला कोंडवाडा झाला आहे. लिफ्ट नाही, स्लॅबच्या सळ्या उघड्या, पावसाळ्यात छताखाली बादल्या. अशा माणसाने पुनर्विकासासाठी हात वर केला तर त्याला बिल्डरधार्जिणा ठरवणे आम्हाला मान्य नाही. आमच्यातले काही जुने कार्यकर्ते हा शब्द ऐकताच लाल झेंडी दाखवतात. तिसऱ्या मजल्यावरच्या विधवा भगिनीला रोज पाण्याचा हंडा वर न्यावा लागतो, तिला ती झेंडी काय कामाची?

तेव्हा आमचा पाठिंबा आहे. प्रश्न तो कोणत्या अटींवर द्यायचा हा आहे. वेतनकरारावर सही करण्यापूर्वी आपण कलमन् कलम वाचतो, स्वल्पविरामावरून व्यवस्थापनाशी भांडतो. आणि आयुष्याची कमाई ज्यात आहे त्या घराच्या संमतीपत्रावर मात्र चहा गार होण्याच्या आत सही करतो! गोरेगावच्या पत्राचाळीचे उदाहरण फार जुने नाही. ६७२ कुटुंबांच्या या वसाहतीचा करार २००८ मध्ये झाला. घरे रिकामी झाली, पुढे भाडे थांबले, काम अडले. २०१८ मध्ये म्हाडाला विकासकाचा करार संपुष्टात आणावा लागला आणि रखडलेले काम पुन्हा सुरू व्हायला २०२२ साल उजाडले. त्या रहिवाशांचाही होकारच होता.

कायद्याने काही दिलेच नाही असे नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी सुधारित निर्देश काढले. एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर सभा, तिचे चित्रीकरण, विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी, असे बरेच त्यात आहे. मेख अशी की हे निर्देश मार्गदर्शक आहेत, जसेच्या तसे बंधनकारक नाहीत, असे उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. त्यामुळे बँक हमीचे कलम गळते तेव्हा ते सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि एकदा बहुमताने रीतसर ठराव झाला की अल्पमताला तो अडवून धरता येत नाही, ही न्यायालयांची भूमिकाही स्पष्ट आहे. म्हणजे बोलायचे ते हात वर करण्याआधी.

दुसरी गोष्ट पेन्शनरांची. चार मजल्यांच्या जागी बावीस मजले येतात, तेव्हा लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, पहारेकरी हे सारे येते आणि मासिक देखभालखर्च कितीतरी पट होतो. बिल्डर कॉर्पस देतो खरा. पण तो प्रत्येकाच्या हातात रोख वाटला तर वर्षभरात मुलीच्या लग्नात नाहीतर मोटारसायकलीत जातो. तो सोसायटीच्या नावे मुदत ठेवीत राहावा व व्याजातून जुन्या सभासदांचा देखभालखर्च भागावा, असे आमचे मत आहे. १ जानेवारी २००४ नंतर सेवेत लागलेल्या आपल्या तरुण बांधवांना जुनी पेन्शनही नाही. उद्या हे ओझे त्यांच्याच डोक्यावर यायचे आहे.

जबलपूर, इटारसी, हुबळी येथे नोकरीवर असलेल्या आपल्या मराठी बांधवांसाठी एक शब्द. तुमचा फ्लॅट इथे, तुम्ही तिथे. संमतीपत्र तुम्हाला टपालाने येते, सोबत 'सगळ्यांनी सह्या केल्या' अशी चिठ्ठी असते. आपल्याच पोस्टमनने आणून दिले म्हणून ते विश्वासाचे होत नाही. सभेचे इतिवृत्त, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि कराराचा मसुदा मागवा. ते येईपर्यंत सही थांबवा.

आमच्या सोसायटीत गेल्या सभेत आम्ही तीन मागण्या मांडल्या : बदली घराचे भाडे वर्षभराचे आगाऊ, कायम घराचा नोंदणीकृत करार घर रिकामे करण्यापूर्वी आणि बँक हमी. पहिल्या दोन विकासकाने तासाभरात मान्य केल्या. तिसऱ्यावर 'विचार करून सांगतो' म्हणाला. शेजारच्या निवृत्त तारमास्तरांनी लगेच विचारले, "किती दिवसांत?" उत्तर मिळाले नाही. पुढची सभा महिनाअखेरीस आहे. संमतीपत्रे तोवर सचिवांच्या कपाटात कोरीच आहेत.